ठसेकाकूंचं थंडीचं कार्ड

डिसेंबर लागला की काकूंची बोटं निळी व्हायची. नखांच्या कडेला शाई, तळहाताच्या रेषांत शाई, आणि जरीची साडी नेसून कुणाच्या लग्नाला आल्या तरी कानामागे एखादा हिरवा डाग हमखास. "अगं, घासून घासून साल निघायची वेळ आली, ही काय जात नाही बघ," असं म्हणत त्या तोच हात पुढे करून प्रसादाचा शिरा घ्यायच्या. मराठी मंडळातल्या बायका आधी नुसत्या हसायच्या, मग त्यांनी नावच ठेवलं, ठसेकाकू. काकूंच्या कानावर ते गेलं तेव्हा मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण त्या म्हणाल्या, "बरं हाय की. नुसत्या काकू काय, छप्पन मिळतील."

चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. माझा नवरा मंदार इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी विद्यापीठात शिकवते. खाली तेव्हा काकू, काका आणि त्यांची एकुलती एक मुलगी ऋता. काका सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, आणि काकू इथल्याच एका शाळेत वर्षानुवर्षं चित्रकला शिकवून. मूळच्या त्या कोल्हापूरच्या. सगळा संसार इथे झाला, भाजीवाल्याशी पंजाबीत भांडायला शिकल्या, पण घरात पाऊल टाकलं की पुन्हा अस्सल कोल्हापूर.

दर हिवाळ्यात त्या हाताने कार्डं करायच्या. दिवाळीची नाहीत, ख्रिसमसची नाहीत, नव्या वर्षाचीसुद्धा नाहीत. त्यांच्या शब्दांत, थंडीची. डिसेंबरच्या अखेरीस निघायची आणि संक्रांतीपर्यंत सगळ्या मराठी घरांत पोचायची. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात असं धुकं पडलं म्हणे, की समोरचं घर दिसेना. काका दिवसभर प्रयोगशाळेत, आणि ओळखीचं कुणी नाही. "मला वाटलं, मी हितं मेले तर कोल्हापुरात उन्हाळ्यातच कळणार," त्या सांगायच्या. त्या भीतीपोटी त्यांनी बटाटा अर्धा कापला, त्याचा ठसा कोरला आणि चार कार्डं करून माहेरी धाडली. पुढे बटाट्याचं खोडरबर झालं, खोडरबराच्या रबरी लाद्या झाल्या. बाजारातला स्टेशनरीवाला नोव्हेंबरातच रस्त्यातून हाक मारायचा, "आंटीजी, आपका रबर आ गया!"

चित्रं मात्र त्यांची त्यांनाच सुचावीत. बर्फाचा बाहुला त्यांनी जन्मात कोरला नाही. "हितं कुठं पडतंय बर्फ? खोटं कशाला छापायचं?" एका वर्षी माकडटोपी घालून शेकोटीपुढे बसलेला गल्लीचा वॉचमन, एका वर्षी गाजरांची हातगाडी. एका वर्षी तर नुसता एक मुळा, पानांसकट, टपोरा. मोहालीला नोकरी करणाऱ्या एका तरुण पोराने विचारलं, "काकू, मुळ्याचं आणि न्यू इयरचं कनेक्शन काय यार?" काकू म्हणाल्या, "खाऊन बघ, कळंल." आणि खरंच त्याच्या हातात मुळ्याचा पराठा ठेवला.

ठशांचा आठवडा आला की त्यांची हाक वर यायची, "मेधा, ए मेधा, ये की खाली, कागद कापायचाय." मी कुरकुरत उतरायचे. पेपर तपासायचे असायचे, घरात पसारा असायचा, पण त्या हाकेला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. खालच्या खोलीत दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर चिमट्यांना कार्डं लटकलेली. आधी फिकट रंगाचा ठसा, तो वाळला की गडद. धुक्यात शाई वाळता वाळत नाही, म्हणून दुपारी जरा ऊन दिसलं की सगळी पलटण माझ्या गच्चीत, पापड घालावेत तशी. माझ्या हाताला पहिल्यापासून जोर फार. मी ठसा उमटवायला घेतला की काकू ओरडायच्या, "दाबू नको गं बाई, टेकव! भांडी घासतीस काय?" दाबलं की शाई कडेने पसरते, हे मला कळायचं, पण हाताला कळायचं नाही. शेवटी त्यांनी मला कागद कापण्यावरच ठेवलं.

आणि मग यायचा तो कोपरा. कार्डाच्या आत मजकूर नसायचा, सही नसायची. उजव्या कोपऱ्यात खाली ओळीने बारके ठसे असायचे, घरातल्या प्रत्येक माणसाचा एक. काकांचं भिंग, काकूंची जास्वंद आणि ऋताची खार. ती खार ऋता बालवाडीत असताना काकूंनी कोरलेली. कोपऱ्याचं काम काकांचं. चित्रावर काकूंचा हात मोकळा फिरायचा, पण ओळीत, सरळ, शाई न सांडता ठसे टेकवायचे तर ते काकांनीच. जुन्या बनियनच्या तुकड्याने ते प्रत्येक ठसा पुसायचे, डोळा बारीक करायचे आणि श्वास रोखून टेकवायचे. तेवढा वेळ आम्ही बायकासुद्धा गप्प.

आमच्या मंडळातली घरं कार्ड हातात आलं की आधी तो कोपरा बघायची. कारण काकूंचा नियम होता, घरात आहे त्याचाच ठसा. एकदा एक बोका त्यांच्याकडे राहायला आला तर त्याचाही पंजा कोपऱ्यात आला, आणि तो नाहीसा झाला त्या हिवाळ्यात पंजा गेला तर "बोक्याचं काय झालं?" म्हणून फोन आले. काकांची आई असेपर्यंत तिची तुळस असायची. आजी गेल्या त्या थंडीत कोपऱ्यात तुळस नव्हती, आणि ज्यांना बातमी लागली नव्हती ती माणसं कार्ड बघून भेटायला आली. कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आम्हाला ती भाषाच झाली होती.

ऋताचं लग्न झालं, पुण्याला दिली. काकांच्या कॉलेजातल्या जिवलग मित्राचा मुलगा, घर बघितलेलं, सगळं कसं छान. त्या वर्षी काकांच्या बहिणीने फोन करून विचारलं, सासरी गेलेल्या मुलीची खूण माहेरच्या कार्डावर कशाला? काकू म्हणाल्या, "लग्न झालं म्हणून खार काय झिजली काय?" काकांनीही हसून खार टेकवली. तेव्हा ते हसायचे.

दोन हिवाळे गेले आणि ऋता परत आली. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. तो बोलायचा नाही. काही मनाविरुद्ध झालं की आठवडा आठवडा एक शब्द नाही, जेवणाचं ताट पुढे आलं तरी मान वर नाही. ऋता हे सांगत होती तेव्हा मी तिथेच होते, आणि काका आरामखुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "न बोलणं हे काय कारण झालं?" मग म्हणाले, "मी त्याच्या बापाला काय तोंड दाखवू? आधी मिटवून ये, मग या घरात ये." ऋताने बॅग उघडलीसुद्धा नव्हती. तशीच उचलली आणि गेली. तिला डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यात नोकरी मिळाली, झिरकपूरला तिने खोली घेतली. म्हणजे याच पंचक्रोशीत, पण बाप तिच्याशी बोलेना. काकू त्यांना एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "नवरा बोलत नव्हता म्हणून पोरगी घर सोडून आली. आता हितं बाप बोलत नाही. तिनं जायचं कुठं?" काका उठून बाहेर गेले.

काकूंना त्या वर्षात एकच गोष्ट हवी होती, ऋता घरी यावी. बाकी सगळं त्यांच्यासाठी मागे पडलं. शनिवारी संध्याकाळी बाजारात एका छोल्यांच्या दुकानात मायलेकी भेटायच्या. काकू डबा घेऊन जायच्या आणि रिकामा डबा घेऊन यायच्या, डोळे लाल करून. घराच्या गल्लीत ऋता पाऊल टाकायची नाही. मी काकांवर अशी चिडले होते की ते जिन्यात भेटले तरी मी नमस्कार करायचे नाही. काकूच मला दटावायच्या, "तू कशाला तोंड फिरवतीस? आमच्यात एवढी माणसं न बोलणारी हायत, तेवढी बास."

थंडी आली. काकूंना छातीत कफ झाला होता, खोकून खोकून बेजार, शनिवारचं जाणंही बंद पडलं. तरी कार्डं केली. त्या वर्षीचं चित्र होतं धुक्यातला एक विजेचा खांब. मी कागद कापत होते, काकू शाल गुंडाळून बसलेल्या, आणि काका कोपरा करायला आले. भिंग टेकवलं. काकूंनी खार पुढे केली.

"खार नको," काका म्हणाले.

"का?"

"ती या घरात नाही."

"लग्न करून पुण्याला गेली तेव्हा होती, आणि परत आली तर नाही?"

"नाही म्हटलं ना."

मला वाटलं, काकू आता तोफ डागणार. पण त्यांनी खार उचलून डब्यात ठेवली. काकांनी सगळ्या कार्डांवर भिंग टेकवलं, बनियनने पुसलं आणि जास्वंदीसाठी हात पुढे केला. काकूंनी जास्वंदही डब्यात टाकली आणि डब्याला झाकण लावलं. म्हणाल्या, "ज्या घरात माझी पोरगी नाही, त्या घरात मी पण नाही. तुमचं एकट्याचं घर हाय, जाऊ द्या तुमचं एकट्याचं कार्ड."

दोघंही हट्टी. काकांना वाटलं, दोन दिवसांत ही निवळेल. काकूंना वाटलं, असली कार्डं पाठवायची त्यांना लाज वाटेल. मी मध्ये पडायला गेले तर दोघांनीही मला गप्प केलं. शेवटी काका उठले, लखोटे भरले, स्वेटर चढवला आणि सगळी कार्डं पोस्टात टाकून आले. एकटं भिंग घेऊन ती घरोघर गेली.

पुढे काय होणार हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पहिले आले पंचकुल्याचे कुलकर्णी पतिपत्नी. फोन न करता, फिकट कपड्यांत, चेहरे उतरलेले. काका दूध आणायला गेले होते. बेल वाजली आणि दार काकूंनीच उघडलं. कुलकर्णीबाईंनी "अगंबाई!" अशी किंकाळी फोडली की मी वरून धावत खाली आले. त्या पायरीवर मटकन बसल्या होत्या आणि कुलकर्णी काकूंकडे बघत नुसते "अहो… अहो…" करत होते. काकूंना क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. त्या हसायला लागल्या ते खोकल्याची उबळ येईपर्यंत हसल्या. "या की आत. मेलेल्या बाईच्या हातचा चहा प्यायला नसाल कधी, आज प्या."

मग रांगच लागली. मोहालीहून फोन, सेक्टर पस्तीसहून फोन. मंडळाच्या ग्रुपवर कुणी तरी काकूंचा फोटो टाकून खाली श्रद्धांजली वाहिली, आणि मी ओरडून ओरडून तो काढायला लावेपर्यंत हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला. फोटो कुठल्याशा हळदीकुंकवातला होता. काकू म्हणाल्या, "फोटो तरी बरा टाकायचा, तोंडात घास हाय माझ्या." काकांची मात्र दैना झाली. आलेला प्रत्येक माणूस त्यांचा हात हातात घ्यायचा, आणि त्यांना सांगावं लागायचं, "नाही हो, ती आत आहे. जिवंत आहे." पुढचा प्रश्न ठरलेला, मग ठसा का नाही? त्यावर ते चहाचं बघतो म्हणून आत जायचे. फोन घेऊन घेऊन काकूंचा घसा बसला तेव्हा त्यांनी फोनच बंद करून उशीखाली टाकला. "मेलेल्या बाईला कशाला पाहिजे फोन?"

हसत होत्या, पण संध्याकाळी मी काढा घेऊन खाली गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला म्हणाल्या, "मी मेले म्हटल्यावर सगळे आले बघ. ती जिती हाय, तिच्यासाठी कोण गेलं गं?"  मी त्यांचे पाय दाबत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विद्यापीठातून परत येत होते. वर्गात फोन बंद असतो, म्हणून ऋताचे आलेले फोन मी पाहिलेच नव्हते. गल्लीत शिरले तर फाटकाशी तिची स्कूटी आडवी पडलेली. दार सताड उघडं. दारात ऋता. कारखान्याच्या पांढऱ्या कोटावर जाकीट, डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि एका गुडघ्यावर पँट फाटून रक्त आलेलं. समोर काका.

"आई?" ती म्हणाली. एवढंच.

काका बाजूला झाले. स्वयंपाकघरातून काकू आल्या, हातात किसणी आणि आलं. ऋता त्यांच्याकडे बघतच राहिली. मग झेपावली आणि काकूंना असं कवटाळलं की किसणी खाली पडली. आणि लगेच त्यांना दूर लोटून ओरडली, "फोन का बंद आहे तुझा? कार्डावर तू नाहीस, आजारी होतीस, फोन लागत नाही! मला वाटलं तू गेलीस. मला कळवलंसुद्धा नाही आणि सगळं करून मोकळे झाले असं वाटलं मला!"  येताना चौकात घसरून पडली होती, तशीच उठून आली होती.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "पण तुला कार्ड कुणी पाठवलं? मी तर पाठवलं नाही."

"मी पाठवलं," काका म्हणाले.

आम्ही तिघी त्यांच्याकडे वळलो. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "सगळी टाकली, त्यात तुलाही एक टाकलं. माझा एकट्याचा ठसा होता. म्हटलं, तुला कळेल."

"काय कळेल, बाबा?"

काका फरशीकडे बघत उभे. काकू पुढे झाल्या. "सांगा की आता. तोंडानं सांगा. रबरानं किती दिवस सांगणार?"

 मग काका म्हणाले, "की मी एकटा पडलोय. ये म्हणून. घरी ये."

झालं, मला वाटलं. वर्षभर काकूंनी ज्यासाठी देव पाण्यात ठेवले होते ते झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ऋताने हेल्मेट काढलं, बाहीने तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, तो आठ आठ दिवस बोलायचा नाही, आणि मग एक दिवस टेबलावर चॉकलेट ठेवून द्यायचा. मी आपलं समजून घ्यायचं, की आता राग गेला. मला समजून घ्यायचा कंटाळा आलाय. मी आईसाठी आले होते. आई आहे. जाते मी." मी तिला जबरदस्तीने वर नेलं, गुडघा धुऊन पट्टी बांधली. चहाही न घेता ती गेली. खाली काका खुर्चीत बसले होते आणि काकू दारात उभ्या होत्या, गल्लीच्या टोकाकडे बघत.

सकाळी काकूंनी मला हाक मारली. एक बॅग भरलेली, आणि शेजारी ठशांचा डबा. भिंग तेवढं काढून टेबलावर ठेवलेलं. काका विचारत होते, "किती दिवस?"

"बघू की."

"रागावून चाललीस?"

"रागावून कशाला? तुम्ही बोलावलंत, तिला यावंसं वाटलं नाही. तिचं काही चुकलं नाही. पण तिला तिकडं एकटीला धुक्यात टाकून हितं मला चहा गोड लागत नाही. तुम्हाला घर हाय, गल्ली हाय, वर मेधा हाय. तिला कोण हाय?" मग माझ्या हातात किल्ली दिली. "ह्यांची साखर बघ जरा. आणि आता त्यांच्याशी बोलत जा, माझी शपथ हाय." रिक्षा वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. आणि वर येऊन ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू.

काकू परत आल्या नाहीत. झिरकपूरला हमरस्त्याकाठच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ऋताची खोली आहे. तिथे त्या रमल्या असं नाही म्हणवणार. गाड्यांच्या आवाजाने झोप येत नाही, कुणाशी ओळख नाही. पण ऋता कामावरून आली की दार उघडायला आत कुणी तरी असतं, याचं त्यांना समाधान. मी महिन्यातून एकदा जाते. गप्पा होतात, थालीपीठ होतं, मला शिव्याही पडतात. आणि निघताना जिन्यापर्यंत येऊन, काही तरी सहज आठवल्यासारखं, "ते बरे हायत न्हवं?" मी सांगते, बरे आहेत, खिचडी शिकलेत, करपवतात. त्या हसत नाहीत.

खालच्या घरात काका एकटे. मी शपथ पाळली, बोलायला लागले. सुरुवातीला नाइलाजाने, मग कीव येऊन, मग खरोखर. ते ऋताचं नाव काढत नसत. एकदा मात्र म्हणाले, "मेधा, मला कुणी बोलायला शिकवलंच नाही. घरात सगळं तीच बोलायची." मला म्हणावंसं वाटलं, साठी उलटून गेली, कुणाची वाट बघत होता? पण ते इतके केविलवाणे दिसत होते की मी गिळलं.

पुन्हा थंडी आली, आणि परवा कार्ड आलं. धुक्यात एका स्कूटीचा दिवा, पिवळा, आणि बाकी सगळं करडं. मी सवयीने आधी कोपरा बघितला. खार होती. जास्वंद होती. आणि त्यांच्या शेजारी, वाकडं, एका कडेला शाई पसरलेलं भिंग. काकांचं जुनं भिंग तर खाली त्यांच्या टेबलावर पडलेलं मी रोज बघते. मी झिरकपूरला फोन लावला.

"मी नवं कोरलं," काकू म्हणाल्या. "कोरून डब्यात ठेवलं, तिला एका शब्दानं बोलले नाही. मी बाहेर दूध घ्यायला गेले. येऊन बघते तर सगळ्या कार्डांवर लावलेलं. तिनं. आपल्या आपण." त्यांचा आवाज फुटला. "दाबून लावलंय गं मेलीनं, सगळं पसरलंय."

"काकांना पाठवलंत?"

"नाही. ह्या घरातनं त्यांना काय जाणार, काय नाही, ते तिचं ती ठरवंल. तू दाखवलंस तर माझी काय हरकत नाही."

मी खाली गेले. काकांनी कार्ड घेतलं, खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरलं.  मग म्हणाले, "वाकडं लागलंय."

"ऋताने लावलंय," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. कार्ड गुडघ्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. ज्या हाताने कधी एक ठसा तिरका गेला नाही, त्या हाताचं बोट त्या वाकड्या भिंगावरून फिरवलं. मला वाटलं, आता उठून नेहमीसारखे बाहेर निघून जातील. पण ते म्हणाले, "मेधा, तुझ्या फोनवरून एक फोन लावून दे."

"काकूंना?"

"नाही. ऋताला. माझा नंबर बघून कदाचित ती उचलणार नाही."

मी लावून दिला. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "ऋता, बाबा बोलतोय. ठेवू नकोस. कार्ड बघितलं मी."  उठून उभे राहिले. "माझं चुकलं. तू आलीस तेव्हा तुला आत घ्यायला पाहिजे होतं. मला यायचंय तुझ्याकडे. येऊ का?"

 फोनमधून मला झिरकपूरच्या हमरस्त्यावरच्या ट्रकचा आवाज ऐकू येत होता. मग ऋता म्हणाली, "रविवारी या. बाकीच्या दिवशी मला शिफ्ट असते."

"रविवारी," काका म्हणाले. "हो. रविवारी येतो." आणि तो माणूस माझ्यादेखत लहान मुलासारखा रडायला लागला, फोन कानाला तसाच धरून. तेवढ्यात मागून कुठून तरी काकूंचा आवाज आला, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मारलेल्या हाकेसारखा, "त्यांना म्हणावं, कानटोपी घालून या, हितं वारं लई हाय!"

"घालतो," काका म्हणाले. "घालतो. सांग तिला."